तुमच्या चुकीला गट नंबर आहे

पत्र

ताई, मी मिरज तालुक्यातला शेतकरी, वय ५६. आम्ही दोघंच भावंडं, मी आणि माझी थोरली बहीण अक्का. वडील २०१३ मध्ये गेले. वडिलोपार्जित जमीन साडेतीन एकर, सगळी उसाची. वडील गेल्यावर चार महिन्यांनी मी अक्काला फोन केला की वारसनोंदीसाठी सही लागतेय, तालुक्याला ये. ती एसटीनं आली. कागद हक्कसोडीचा होता. आईनं अंगठा दिला, अक्कानं सही केली. तिनं वाचला नाही, मी वाचून दाखवला नाही. नोंदणीच्या साहेबांनी "मजकूर मान्य आहे का?" विचारलं तेव्हा तिनं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. ती "हो" म्हणाली. मग तिला साडी घेतली आणि गाडीत बसवून दिलं. त्या वेळी मुलींना हक्क असतो की नाही हेही मला नीट माहीत नव्हतं.

२०१८ ला रस्त्याकडची तीस गुंठे विकली, २७ लाख आले, घर बांधलं. भाच्यानं मोबाईलवर सातबारा काढून बघितला. अक्काचा फोन आला, "बाळू, माझं नाव कुठं गेलं?" मी म्हणालो, "तूच सही केलीयास की." तिनं फोन ठेवला. तेव्हापासून राखी नाही, भाऊबीज नाही. २०२० ला आई गेली तेव्हा अक्का आली, आईच्या पायाशी बसून राहिली, माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

आई-वडिलांचं सगळं मी केलं, दवाखाने मी केले. दाजींनी तिचे कान भरले असंही वाटतं. भावकीत मी सांगत आलो की अक्का जमिनीसाठी भांडायला उठलीय. पण आता झोप लागत नाही. मला एक मुलगा, एक मुलगी. मुलीचं लग्न मार्गशीर्षात आहे. तिचं नाव बारशाला अक्कानंच ठेवलंय. मुलगी म्हणते, आत्या हवीच. लग्नात आत्या नाही म्हटल्यावर लोकही बोलतील. येत्या राखीला चार पाहुणे घेऊन अक्काच्या दारात जावं, सगळ्यांसमोर पाय धरावेत, भारीतली साडी नेसवावी असं मनात आहे. ती माफ करेल का? काय बोलू तिच्याशी?

उत्तर

दादा,

तुमचं पत्र चार पानांचं आहे. "माझं नाव कुठं गेलं?" हा अक्काचा प्रश्न दुसऱ्या पानाच्या तळाशी आहे, आणि त्याच्या खालची तुमची ओळ तुम्ही दोनदा गिरवली आहे. शाई पार मागच्या बाजूला उतरली आहे. झोप कुठल्या वाक्यानं उडवली हे तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून त्यावर मी फार लिहीत नाही. एवढंच म्हणते की सही घेणं ही एक चूक आणि ते उत्तर ही दुसरी. पहिलीत तुम्ही जमीन घेतलीत. दुसरीत तुम्ही तिलाच तिच्या नुकसानीचं कारण ठरवलंत. तिनं सोडून दिली असेल ती पहिली. दुसरी कुणी सोडत नाही.

राखीचा बेत आधी बाजूला ठेवा. मनापासून केलाय हे दिसतं, पण बेत चांगला नाही. राखीच्या दिवशी, पाहुणे जमलेले, भाऊ पायाशी, हातात साडी. अशा वेळी त्या बाईनं काय करावं? "नाही" म्हटलं तर सणाच्या दिवशी भावाला दारातून परत पाठवणारी ठरेल. "हो" म्हटलं तर मनात नसताना हो. २०१३ साली त्या कार्यालयातही तिला असंच चार लोकांसमोर "हो" म्हणावं लागलं होतं, आणि तेव्हाही हातात साडीच पडली होती. तेच पुन्हा करू नका.

साडीचं तर मला विशेष वाटतं. आपल्याकडं लेकीचा हिस्सा साडीचोळीवर मिटवायची जुनी खोड आहे. हक्कसोड झाली की दुकानात न्यायचं, "अक्का, तुला हवी ती घे" म्हणायचं, आणि तीही बिचारी त्यातल्या त्यात स्वस्तातली निवडते, कारण भावाला खर्च नको. ती साडी तिनं पुढं कधी नेसली का, आठवून बघा. या वेळी हात रिकामे असलेले बरे.

आता "मला नीट माहीत नव्हतं" याबद्दल. दादा, हक्कच नसता तर तो सोडवून कशाला घ्यावा लागला असता? वडिलांच्या स्वतःच्या वाट्यात लेकीला हिस्सा १९५६ च्या कायद्यापासून आहे. महाराष्ट्रानं १९९४ मध्ये लग्न न झालेल्या मुलींना मुलासारखा जन्मतः हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून तो देशभर लग्न झालेल्या लेकींनाही मिळाला. तुमचा कागद २०१३ चा. पुढं २०२० च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानं राहिलेली शंकाही काढून टाकली, की २००५ मध्ये वडील हयात असोत-नसोत, मुलीचा हक्क हक्कच. ज्यानं तुमचा कागद लिहिला त्याला हे माहीत होतं, म्हणून तर त्यानं तो लिहिला. तुम्हालाही माहीत होतं. अक्कासमोर हे वाक्य तोंडातून काढू नका, कारण ती ते ऐकल्याबरोबर समजेल की बाळू अजून तिथंच उभा आहे.

"आई-वडिलांचं सगळं मी केलं." हे खरं असणार. (तुम्ही केलं की तुमच्या बायकोनं, हा प्रश्न मी विचारत नाही, पण वहिनी हे वाचत असतील तर त्यांनी तुम्हाला जरूर विचारावा.) दवाखान्याचा खर्च, रात्रीची जागरणं, याला मोल आहे. ते अक्कापुढं मांडता आलं असतं. "अक्का, एवढा खर्च झालाय, मला थोडं जास्त ठेवू दे" असं म्हटलं असतं तर मला वाटतं तिनं निम्मं काय, सगळंही दिलं असतं. बहिणी देतात, हजारो बहिणींनी दिलंय. तुम्ही मागितलंच नाही. फसवून घेतलंत, आणि त्यामुळे तिच्या हातून देण्याचा मोठेपणाही गेला. आता त्या सेवेची वजावट हिशेबात धरू नका. आणि दाजींचं नाव तर घेऊच नका. सातबारा भाच्यानं काढला, दाजींनी नाही. काढलाही असता तरी कागद तुमचाच होता.

तिसऱ्या पानावर एक वाक्य आहे, "लग्नात आत्या नाही म्हटल्यावर लोकही बोलतील." मी ते दोनदा वाचलं. तुमचा पश्चात्ताप खोटा आहे असं मी म्हणणार नाही, माणसाच्या मनात एका वेळी चार गोष्टी असतात. पण अक्काला मुलीच्या लग्नाच्या मांडवाची शोभा म्हणून परत आणायचं असेल तर ती ते ओळखेल. म्हणून लग्न आणि हे काम यांची गाठ तोडा. पत्रिका द्यायला जाताना हे बोलू नका, आणि हे बोलायला जाताना पत्रिका नेऊ नका. पोरीला आत्या हवी असेल तर पोर स्वतः जाईल. तिचं नाव जिनं ठेवलं तिच्याकडं जायला तिला बापाची सोबत लागत नाही.

तुमच्या सांगली-कोल्हापूर भागात जैन शेतकरी पुष्कळ. दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीच्या दिवशी ते एकमेकांना भेटून वर्षभरातल्या कळत-नकळत झालेल्या चुकांची क्षमा मागतात, हे तुम्ही लहानपणापासून पाहिलं असेल. मला ती रीत फार आवडते. पण ती रोजच्या बारीकसारीक गोष्टींची झाडलोट आहे, कुणाचं मन दुखावलं, कुणाला वेडंवाकडं बोललो त्याची. तुमची चूक "कळत-नकळत" मध्ये बसत नाही. तिला तारीख आहे, दस्त क्रमांक आहे, गट नंबर आहे, गुंठे आहेत. इतकी मोजून केलेली चूक मोघम शब्दांनी फिटत नाही. ती मोजूनच फेडावी लागते.

तर मोजू. मी वकील नाही. जमिनीची कामं करणाऱ्या एका वकीलबाईंना विचारून लिहिते आहे. तुम्हीही तुमच्या तालुक्यात असं कुणीतरी गाठा, फक्त ज्यानं तो कागद केला त्याच्याकडं जाऊ नका.

साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. दोघंच भावंडं, आई राहिली नाही, म्हणजे अक्काचे ७० गुंठे. एकूण १४० मधले ३० गुंठे विकले गेले, शिल्लक ११०. त्यातले निम्मे ५५ गुंठे आणि विक्रीच्या २७ लाखांतले साडेतेरा लाख, हा झाला सरळ हिशेब. ते पैसे घरात गेले, एकरकमी नाहीत, हे मला समजतं. हप्ते लावा, पण हप्ता किती आणि कधी हे लिहून द्या. भावानं बहिणीला दिलेल्या रकमेवर बहिणीला आयकर लागत नाही, तेव्हा व्यवहार बँकेतून करा, उघड.

एक गोष्ट तुम्ही पत्रात लिहिलीच नाही. २०१३ पासून तिच्या जमिनीतला ऊस कारखान्याला कुणाच्या नावावर गेला? बिल कुणाच्या खात्यावर जमा झालं? मेहनत तुमची, खत-पाणी तुमचं, हे कबूल. पण तीच जमीन दुसऱ्या कुणाला खंडानं कसायला दिली असती तर मालकाला वर्षाला काही पैसे मिळालेच असते. तुमच्या गावात तसल्या जमिनीला जो खंड चालतो तो धरा आणि वर्षवार मांडा. कदाचित अक्का त्याच्याकडं बघणारही नाही. तरी मांडा. एका कागदावर २०१३, २०१४, २०१५ असे आकडे एकाखाली एक लिहायला लागलात की काय केलं ते तुमचं तुम्हाला दिसायला लागेल, आणि मला वाटतं ते तुम्हाला पाय धरण्यापेक्षा जड जाईल.

आता कागदाचं. नुसतं तोंडानं "अक्का, तुझी जमीन तुझी" म्हणून काही होत नाही, कारण तिनं नोंदणीकृत दस्तानं हक्क सोडलाय. एक वाट दोघांच्या संमतीनं तो दस्त रद्द करून घ्यायची. दुसरी, तुम्ही तिला तिच्या हिश्श्याचं बक्षीसपत्र करून द्यायची. बापानं मुलाला दिलं तर नाममात्र मुद्रांकावर भागतं. भाऊ-बहिणीत तसं नाही, मुद्रांक शुल्क बाजारमूल्याच्या टक्क्यांत लागतं. ते तुम्ही भरा. जमीन वडिलोपार्जित आहे म्हणजे तिच्यात तुमच्या मुलाचा आणि मुलीचाही जन्मतः हक्क आहे, तेव्हा दोघांच्या संमतीच्या सह्या घ्या, नाहीतर उद्या त्यांच्यापैकी कुणी उठून म्हणेल की बाबांना अधिकारच नव्हता. अक्काचं नाव सासरच्या एखाद्या सातबाऱ्यावर आहे का ते विचारून घ्या. आपल्याकडं शेतजमीन बक्षीस घ्यायलासुद्धा घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि ज्या बाईचं माहेरच्या सातबाऱ्यावरचं नाव तुम्ही पुसलंत तिला आता शेतकरी असल्याचा पुरावा आणायला लागू नये. तिचं नाव कुठं नसलंच तर दस्त रद्द करायची वाट बरी, असं वकीलबाई म्हणाल्या. तुकडेबंदीची, म्हणजे जमिनीचे फार लहान तुकडे पाडू न देणाऱ्या कायद्याची, काळजी नको, बागायतीला १० गुंठ्यांची मर्यादा आहे, तुमचे ५५ आहेत. दस्त झाला की तलाठ्याकडं फेरफाराला, म्हणजे नावातला बदल नोंदवायला टाका, नोटिशीचे पंधरा दिवस जाऊ द्या, आणि नवा सातबारा हातात आल्याशिवाय काम झालं समजू नका.

यात दोन गोष्टी शहरातल्या वकिलाला सुचणार नाहीत, पण तुम्हाला लगेच कळतील. विहिरीतला हिस्सा आणि पाइपलाइन दस्तात लिहा. पाण्याशिवाय बागायत म्हणजे नुसता दगडमातीचा तुकडा. आणि वाट. रस्त्याकडची पट्टी तुम्ही विकलीत, म्हणजे उरलेली जमीन मागं पडलीय. अक्काच्या तुकड्याला बैलगाडी, ट्रॅक्टर जाईल अशी वाट दस्तात आखून द्या, तोंडी नको. तुकडा कुठला द्यायचा? लहानपणी तुम्ही भावंडं एकच भाकरी कशी वाटून घेत होता? एकानं मोडायची, दुसऱ्यानं आधी उचलायची. तसंच करा. तुम्ही वाटे पाडा, अक्का उचलेल.

कुणीतरी तुम्हाला एव्हाना सांगितलं असेल की काळजी करू नका, मुदत गेली. फसवणुकीनं करून घेतलेला दस्त रद्द करून मागायला साधारणपणे ती कळल्यापासून तीन वर्षं असतात, आणि अक्काला २०१८ मध्येच कळलं होतं. म्हणजे कायद्यानं कदाचित तुम्ही सुटलेले असाल. सल्लागार हे आनंदानं सांगतात. मला मात्र यात तुमचं नशीब दिसतं. कोर्टाची नोटीस आल्यावर दिलं असतंत तर तो तडजोडनामा झाला असता. आता कुणी मागत नाही, कुणी धमकावत नाही. आता दिलंत तर ते तुम्ही दिलंत.

असं देणारी माणसं आपल्याकडं झाली आहेत. १९८६ च्या नोव्हेंबरात चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन झालं, आणि पुढं संघटनेचे नेते शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम काढला. नवऱ्यानं आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा, तोही उपकार म्हणून नव्हे, तिनं आयुष्यभर घरात आणि शेतात राबून चढवलेलं ऋण फेडायचं म्हणून. ज्या गावात शंभर बायकांच्या नावावर जमीन लागे ते लक्ष्मीमुक्तीचं गाव. अनेक गावांत हे घडलं. ती तुमच्यासारखीच शेतकरी माणसं होती आणि त्यांना कुणी कोर्टात ओढलं नव्हतं. ते बायकोचं झालं. बहिणीच्या बाबतीत आपल्या गावांचा हात अजून आखडतोच.

घरातून विरोध होईल. मुलगा म्हणेल, माझा हिस्सा का कमी करता? त्याला गुंठ्यांचा हिशेब नंतर सांगा, आधी त्या कार्यालयातली गोष्ट सांगा. अक्कानं तुमच्याकडं कसं बघितलं आणि तुम्ही मान कशी हलवली, सगळं. जमलं तर मुलीलाही समोर बसवा. कारण उद्या तुमच्यामागं हाच मुलगा याच मुलीला वारसनोंदीच्या कागदावर सही करायला बोलावणार आहे, आणि तीही एसटीनंच येणार आहे. तो काय करेल हे या महिन्यात तुमच्याकडं बघून ठरेल.

भावकीचं राहिलं. अक्का भांडायला उठलीय असं तुम्ही गावभर सांगितलंत. यावर माझी एक आठवण सांगते, फारशी अभिमानाची नाही. लग्नानंतर आम्ही चाळीत राहत असताना देवघरातली चांदीची पळी हरवली. कामाला येणाऱ्या मावशींवर माझा संशय गेला. मी तो मनात ठेवला नाही, जिन्यात उभी राहून चढ्या आवाजात बोलले. त्यांनी पिशवी उपडी करून दाखवली. त्यात विड्याची पानं आणि नातवाची चड्डी होती. दुसऱ्या दिवसापासून त्या आल्या नाहीत. आठवड्यानं पळी देवघराच्या मागल्या फटीत सापडली. मी त्यांच्या खोलीवर गेले, दार लावून घेतलं, रडले, चुकले म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाई, चोर जिन्यात म्हणालात आणि चुकले हे खोलीत. खोलीत मला कोण चोर म्हणतंय?" मला परत जिन्यात जाऊन, त्याच पायरीवर, शेजारणी ऐकतील अशा आवाजात सांगावं लागलं. पाय थरथरत होते. त्या तरीही कामावर परत आल्या नाहीत, त्यांना दुसरं घर मिळालं होतं. पण त्यानंतर भाजीबाजारात भेटल्या की थांबायच्या.

तुम्हीही जिथं बोललात तिथंच बोला. दूध घालायला जाता त्या डेअरीवर, पारावर, मयताला जमलेल्या माणसांत, जिथं जिथं अक्काचं नाव खराब केलंत तिथं. भाषण नको. "अक्काचा वाटा मी फसवून घेतला होता, तिनं कधी भांडण काढलं नाही, परत करतोय," एवढं पुरे. एकदा बोललात की गाव पुढचं काम करेल, ते त्याला छान जमतं.

काय बोलू, असं तुम्ही विचारलंय. आधी पत्र लिहा, कारण समोर गेलात की रडाल, आणि तुम्ही रडलात की अक्काला तुम्हाला सावरावं लागेल. थोरल्या बहिणींना ती सवय असते. हे काम तिच्यावर टाकू नका. पत्रात साधं लिहा: "अक्का, २०१३ ला वारसनोंदीचा म्हणून तुझी सही घेतली तो कागद हक्कसोडीचा होता. मला माहीत होतं, तुला सांगितलं नाही. २०१८ ला तू विचारलंस तेव्हा तुझ्यावरच ढकललं. भावकीत तुझं नाव खराब केलं. तुझी जमीन आणि विक्रीतले पैसे परत करायची तयारी केलीय, सोबत हिशेब आहे. तू माझ्याशी बोललीस, नाही बोललीस, तरी हे होणार." यात कुठंही "पण" घालू नका. "तुला वाईट वाटलं असेल तर" हे तर मुळीच नको. वाटलं असेल तर म्हणजे काय? "माफ कर" हेसुद्धा या पत्रात लिहू नका. ते मागणं आहे, आणि तुम्ही या घडीला देणेकरी आहात.

ती माफ करेल का, हे मला सांगता येणार नाही. काय काय होऊ शकतं तेवढं सांगते. ती जमीन घेईल आणि बोलणार नाही. असं झालं तर तुमचं काम पूर्ण झालं, तक्रार करायची नाही, वहिनींपाशीसुद्धा नाही. किंवा रागानं म्हणेल, मला तुझं काही नको. तेव्हा गळ घालू नका, मध्यस्थ पाठवू नका. दस्ताचा मसुदा आणि हिशेब तिच्याकडं ठेवून या, पैशाचे हप्ते तिच्या नावानं वेगळ्या खात्यात टाकत राहा आणि वर्षभर गप्प बसा. किंवा ती सात वर्षांचं सगळं एकदम बोलेल, आणि त्यात दोन-चार गोष्टी खोट्या किंवा वाढवलेल्याही असतील. त्या दुरुस्त करायला जाऊ नका. ऐका. चहा दिला तर प्या. नाही दिला तर पाणी मागू नका, तेवढ्यासाठी उठायला लागून तिला अवघड नको.

पत्र पोचलं, तिनं ये म्हटलं, तर एकटे जा, एसटीनं जा. आणि वकिलानं मसुदा पक्का करायच्या आधी तिला एक गोष्ट विचारा. दस्तात आणि सातबाऱ्यावर तिचं नाव कसं लावायचं, वडिलांचं नाव लावून की दाजींचं. ते तुम्ही ठरवू नका, वकिलालाही ठरवू देऊ नका. ती सांगेल तसं, तिच्यासमोर, कागदावर लिहून घ्या. २०१८ मध्ये तिनं तुम्हाला फोनवर जे विचारलं होतं, त्याचं उत्तर अजून द्यायचं राहिलंय.